छगनची मोटार सकाळी उठत नाही

रुपचंद सोनवणे स्वतःची ओळख करून देताना कधी घाई करत नसत. "तापी नदी आणि माझी बुद्धी," ते म्हणत, "या खान्देशात या दोघीच कोणाला विचारून वळत नाहीत. नजर घारीची, कान सशाचे आणि स्मरणशक्ती सरकारी. माणूस समोर येऊन बसला की तो काय जेवून आला ते मी सांगतो आणि काय लपवतो आहे तेही सांगतो." समोर बसलेला माणूस बहुधा पत्ता विचारायला आलेला असे.

धुळ्याच्या चार नंबर गल्लीत, शिलाई मशीनच्या दुकानावरच्या खोलीत त्यांचं कार्यालय होतं. बाहेर पत्र्याची पाटी होती: 'खाजगी गुप्तहेर. हरवलेले, चोरलेले व संशयित. वेळ दहा ते एक, चार ते सात.' गुन्हेगारांनीही ही वेळ पाळावी अशी रुपचंदांची अपेक्षा होती. त्याआधी ते जकात नाक्यावर कारकून होते आणि खोकं न उघडता आतला माल ओळखत. ओळख सहसा चुकायची, पण खोकं नंतर उघडलं जायचंच, त्यामुळे सरकारचं काही नुकसान झालं नाही. मोठं प्रकरण म्हणाल तर एक हरवलेली म्हैस. ती त्यांनी तीन दिवस शोधली आणि चौथ्या दिवशी ती आपल्या पायांनी घरी आली. याला ते 'मानसिक दबाव' म्हणत.

त्यांचा सहायक अभिमन हा त्यांचा साडू. सहायक होण्यासाठी त्याच्याकडे दोन गुण होते: त्याची स्वतःची स्कूटर होती आणि त्याची बायको रुपचंदांच्या बायकोची धाकटी बहीण होती. पहिल्या गुणातून तो कधी ना कधी सुटला असता, दुसऱ्यातून सुटका नव्हती. मोटारीचं प्रकरण मात्र त्याने स्वतःच्या हाताने रुपचंदांपुढे नेऊन ठेवलं, आणि त्याचा त्याला पुढे बरेच दिवस पश्चात्ताप झाला.

चाळीसगावकडच्या एका खेड्यात अभिमनची झुंबरबाई मावशी राहायची. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं. लहानपणी काटा मोडला की ती कंदील जवळ ओढून, त्याचा पाय मांडीवर घेऊन सुईच्या टोकाने काटा असा अलगद काढायची की त्याला झोप लागायची. आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. गेल्या पोळ्याला अभिमन समोर उभा राहिला तर तिने त्याच्या गालावरून हात फिरवून तो कोण ते पक्कं केलं. परत येताना अभिमन स्कूटरवर रडला आणि घरी डोळ्यांत चिलट गेल्याचं सांगितलं.

ऑपरेशन धुळ्याला करायचं होतं. पण मावशीला एस.टी.त ओकारी व्हायची आणि दुसऱ्याच्या जीपमध्ये बसून डोळे आणायला जायचं नाही, हा तिचा हट्ट. "मना पोऱ्या मोटार लई, तव्हय जासू," ती म्हणायची, म्हणजे पोराने मोटार आणली की मगच जाणार. सगळ्यांना वाटलं, म्हातारी ऑपरेशनला भ्याली आणि मोटारीचं निमित्त सांगते. पण त्या वर्षी कापूस चांगला झाला आणि मावशीच्या मुलाने, छगनने, खरोखर मोटार आणली. गाडी इटलीच्या घराण्यातली. छोटी, लाल, आणि पाठीमागे अख्खं दार असलेली. ते दार वर उघडायचं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मोटार दारात आली तेव्हा अर्धा गाव ते मागचं दार बघायला जमला होता. नुसत्या हाताने दार वर जातं आणि वरच राहतं, हे बघून लोकांनी समाधानाने माना डोलावल्या.

डॉक्टरांनी तारीख दिली. त्या सकाळी मावशी नवं लुगडं नेसून मोटारीत बसली, छगनने किल्ली फिरवली, आणि मोटार 'टक्' म्हणाली. एवढंच म्हणाली. दुसरी तारीख घेतली, त्याही दिवशी टक्. मावशी खाली उतरली आणि म्हणाली, "देवीनी मर्जी नही." आता तिसरी तारीख येत्या शुक्रवारची होती. मोतीबिंदू जास्तच पिकला आहे, यापुढे थांबलात तर मी हात लावणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि मावशीने जाहीर केलं होतं की या वेळी मोटार उठली नाही तर पुन्हा डोळ्यांचं नाव काढायचं नाही, ती आहे तशीच चाचपडत मरेल.

"हे प्रकरण माझ्याच दर्जाचं आहे," रुपचंद म्हणाले आणि टोपी घालून स्कूटरवर मागे बसले.

मोटार गोठ्यात होती. तिच्या एका बाजूला चांद्या नावाचा बैल, दुसऱ्या बाजूला कापसाचा ढीग आणि अंगावर जाड गोधडी. छगनची बायको कमलबाई हिने जुन्या लुगड्यांची ती मुद्दाम मापावर शिवली होती, आरशांसाठी कान काढून. गावात एवढी चांगली गोधडी माणसांनाही नव्हती.

"काय काय करून बघितलं?" रुपचंदांनी विचारलं.

"बठ्ठं करं," छगन म्हणाला. "धनसिंग मिस्तरीले दखाडं. त्यानी प्लग घस्सा, कार्बोरेटर पेट्रोलमा धोया, फॅनबेल्ट ताना. बॅटरी बदली. नवी बॅटरी चार्ज करी आनी का एक-दोन दिन बरी चालस, मंग टक्."

"गाडी रोज चालवता?"

"नही ना. मायले लई जावानं शे म्हनीसन तिले आराम देस. तारखेना आधी आठ दिन हात लावत नही." बैलजोडी लग्नाच्या वरातीआधी अशीच विसावायला ठेवतात, त्यामुळे यात काही चुकत असेल असं घरात कोणालाच वाटलं नव्हतं.

रुपचंद घड्याळजीकडून आणलेलं भिंग डोळ्याला लावून जमीन बघू लागले. "पावलांचे ठसे कोणी पुसले?" त्यांनी एकदम विचारलं. "इथे रोज पहाटे कोणीतरी येतं आणि पुरावा धुऊन टाकतं."

"सडा शे तो," कमलबाई म्हणाली. "मनी सासू टाकस."

रुपचंदांनी क्षणभर विचार केला आणि मान हलवली. इतक्या उघडपणे पुरावा नष्ट करणारा माणूस गुन्हेगार असूच शकत नाही, असं त्यांनी अभिमनला बाजूला घेऊन समजावलं. गुन्हेगाराला लाज असते.

पहिलं अनुमान दुपारच्या जेवणाआधीच तयार झालं: रात्री कोणीतरी मोटार चोरून फिरवतं. छगन म्हणाला की किलोमीटरचा आकडा हललेला नाही. रुपचंद हसले. "म्हणजे तो उलटी फिरवतो. रिव्हर्समध्ये आकडा मागे येतो. चोर जाताना सरळ जातो आणि येताना उलटा येतो." मग चाळीसगावहून उलट्या मोटारीने येणारा माणूस रस्त्यात कोणाला दिसला का, याची चौकशी करण्यात अभिमनची दुपार गेली. लोक त्याच्याशी सौजन्याने वागले. एकाने त्याला पाणी दिलं आणि सावलीत बसवलं.

दुसरं अनुमान संध्याकाळी आलं आणि ते महागात पडलं. छगनचा थोरला भाऊ उखर्डूनाना समोरच राहायचा. वीज गेली की तो ट्रॅक्टरची बॅटरी घरात आणून टीव्ही लावायचा, आणि वीज रोज जायची. "ट्रॅक्टरची बॅटरी सांगायला," रुपचंद म्हणाले. "वीज मात्र धाकट्या भावाच्या मोटारीची पितो." आणि ते तडक नानाच्या ओसरीवर गेले. गल्लीतली माणसं टीव्ही बघत बसली होती. त्यांच्यासमोर रुपचंदांनी टीव्हीच्या वायरचं टोक हातात धरलं आणि ती कुठे जाते ते भिंगातून बघत निघाले. वायर ट्रॅक्टरच्या बॅटरीला जात होती.

उखर्डूनाना उठला नाही, ओरडला नाही. "छगन," तो एवढंच म्हणाला, "मन्ही माय आंधी व्हयी ऱ्हायनी, आन् मी टीव्ही देखाकरता तिनी मोटार खाई ऱ्हायनू, असं तुले वाटस?" छगन खाली बघत राहिला. नानाने टीव्ही बंद केला. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं थांबलं. अभिमनला इतकं ओशाळं झालं की तो रात्री नीट जेवला नाही. रुपचंद जेवले. संशयित निसटला तरी भूक शाबूत ठेवावी, हा त्यांचा नियम होता.

तिसरा संशय चांद्यावर आला. चांद्याची लोखंडी साखळी मोटारीच्या बंपरला टेकायची. बॅटरीतली वीज साखळीतून बैलात आणि बैलातून जमिनीत उतरते, असं रुपचंदांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. चित्रातला बैल चांगला आला होता. चांद्याला हलवायचं ठरलं, पण आधी गुन्हेगाराला रंगेहाथ पकडावं म्हणून रुपचंदांनी गुरुवारी संध्याकाळी पाळत ठेवली. मोटारीला सोमवारी नवी चार्ज केलेली बॅटरी बसवली होती आणि छगनने तिला तेव्हापासून हातही लावला नव्हता. सकाळी मावशीला घेऊन निघायचं होतं.

दिवेलागणीला दोघे कापसाच्या ढिगामागे दबून बसले. जरा वेळाने भिंतीला एक हात लावत, दुसऱ्या हातात निरांजन सांभाळत मावशी आली. वाटेतल्या दगडाला तिचा पाय अडला तेव्हा अभिमन उठायला गेला, पण रुपचंदांनी त्याला खाली दाबलं. तिने गोधडी चाचपली, पण ती जड होती, एका हाताने तिला पटकन उचलेना. तेव्हा रुपचंद स्वतः पुढे झाले आणि त्यांनी गोधडी वर धरली.

"कोन शे?"

"मी रुपचंद, आजी. तपास चालू आहे."

"चालू दे भाऊ," मावशी म्हणाली. ती मोटारीत वाकली, कुंकू लावलं, पुटपुटली, मग मागे जाऊन मागच्या दारावर तळहात दाबून बघितला आणि सगळं मनासारखं झाल्यासारखी निघाली. जाताना तिने दोघांच्या हातावर गूळ ठेवला. रुपचंदांनी तिला वाकून नमस्कार केला, गोधडी होती तशी नीट खाली सोडली आणि पुन्हा ढिगामागे जाऊन बसले.

"आतापर्यंत संशयास्पद कोणी आलं नाही," ते अभिमनच्या कानात म्हणाले.

नंतरही कोणी आलं नाही. एक मांजर आलं, त्याची रुपचंदांनी नोंद घेतली.

शुक्रवारी सकाळी मावशी नवं लुगडं नेसून तयार होती. छगनने गोधडी काढली, देवाचं नाव घेतलं आणि किल्ली फिरवली.

टक्.

 मावशीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उंबऱ्यावर बसली. "ऱ्हाऊ दे रे पोऱ्या," ती छगनला म्हणाली, जणू तोच आंधळा होणार होता. "माले सवय व्हयी गई. घर तं माले बिनडोयानं बी दिखस."

"गाडी थंड देशातली आहे," रुपचंद म्हणाले. "तिला आपली सकाळ ही मध्यरात्र वाटत असावी. वेळेचा फरक जर आपण..."

"भाऊसाहेब, तुम्ही आता गप्प बसा," अभिमन म्हणाला. साडूशी तो असं आयुष्यात पहिल्यांदाच बोलला.  मग तो छगनकडे वळला. "ढकलू या."

छगनचा चेहरा पडला. दोन्ही वेळा त्याने हेच टाळलं होतं. मेलेलं जनावर ओढून नेतात तशी नवी मोटार गावातून लोटत न्यायची, आणि तीही आई आत बसलेली असताना, हे त्याच्याने होईना. शिवाय धनसिंग मिस्तरीने सांगितलं होतं की विलायती गाडीला धक्का मारला तर तिचं आतलं काहीतरी तुटतं. काय तुटतं ते मिस्तरीलाही माहीत नव्हतं, त्यामुळे छगनला जास्तच भीती वाटत होती.

अभिमनने त्याचं ऐकून घेतलं नाही. त्याने मावशीला उचलल्यासारखं करून मागच्या सीटवर बसवलं आणि छगनला स्टिअरिंगवर ठेवून तो एकटाच ढकलू लागला. मोटार हलेना. तेवढ्यात त्याच्या खांद्याशेजारी दुसरा खांदा येऊन लागला. तो उखर्डूनाना होता. तो कोणाशी बोलला नाही, छगनकडे त्याने बघितलंही नाही. त्याने फक्त धोतराचा काचा मारला आणि कापूस भरायला आलेल्या गड्यांना हाक दिली, "या रे बठ्ठा. मायले धुये लई जावानं शे."

मारुतीच्या देवळाजवळ उतार लागतो. तिथे मोटारीने दोन आचके दिले, काळा धूर सोडला आणि ती सुरू झाली. रुपचंद मागून टोपी धरून पळत येत होते. त्यांना वाटेत घेतलं गेलं नाही.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं. दुसरा महिन्याने करू, असं डॉक्टर म्हणाले. मावशी हिरवी पट्टी लावून घरी आली आणि हलायचं नाही, वाकायचं नाही, निरांजनाच्या धुराजवळ जायचं नाही अशी ताकीद असल्यामुळे ती खाटेवर पडून राहिली. दुसऱ्या डोळ्याचं मात्र ती नाव काढू देईना. एकदा लोकांनी लोटत नेलं तेवढं पुरे. देवाने तीनदा अडवलं, चौथ्यांदा त्याला त्रास द्यायचा नाही, असं तिचं म्हणणं. मोटार सरळ उठली असती तर गोष्ट वेगळी होती, ती म्हणायची.

आणि त्याच दिवसांत एक चमत्कार झाला. मोटार रोज सकाळी उठू लागली. किल्ली फिरवली की सुरू. पंधरा दिवस झाले, एकदाही टक् नाही.

रुपचंदांनी धुळ्याहून निरोप पाठवला की याचं कारण उघड आहे. त्या शुक्रवारीच त्यांच्या सांगण्यावरून चांद्याला उखर्डूनानाच्या गोठ्यात हलवलं होतं. बैल गेला, वीज राहिली. छगन भोळा माणूस, त्याने रुपचंदांचा सत्कार करायचं ठरवलं. म्हणजे एक शाल आणि एक नारळ. मावशीची पट्टी काढली त्याच दिवशी संध्याकाळी अंगणात खुर्ची मांडली. अभिमनला यायचं नव्हतं, पण स्कूटर त्याची होती.

शाल अंगावर पडल्यावर रुपचंद बोलायला उभे राहिले. "आरोपी चार पायांचा आहे म्हणून तो निरपराध आहे असं समजणं, ही आपल्या समाजाची जुनी चूक आहे," असं ते सुरुवातीलाच म्हणाले. चांद्या समोरच्या गोठ्यात रवंथ करत होता. उखर्डूनाना त्याच्याशेजारी पाठ करून बसला होता.

तेवढ्यात दिवेलागण झाली. मावशीने काळा चष्मा काढून कपाळावर सरकवला, पंधरा दिवसांनी निरांजन हातात घेतलं आणि ती गोठ्याकडे निघाली. भिंतीला हात न लावता. अभिमन तिच्याकडेच बघत होता. वाटेतला दगड तिने ओलांडला तेव्हा रुपचंदांचं पुढचं भाषण त्याला ऐकू आलं नाही.

"व माय," गोधडीखालून मावशीचा आवाज आला. "छगन, आठे तं दिवा शे."

सगळे धावले. मावशीने मोटारीचं पुढचं दार उघडलं होतं आणि ती छताकडे बघत होती. तिथे बोटभर लांबीचा पिवळा दिवा जळत होता.

"हाऊ कोनी लाया?"

"माय, तो आपोआप लागस," छगन म्हणाला. "दार उघडं ऱ्हायनं का लागस."

"दार बंद व्हयी तव्हय?"

"तव्हय बंद."

 कमलबाईच्या हातातला सत्काराचा पेढ्यांचा पुडा तसाच राहिला. "माय," तिने हळूच विचारलं, "तुम्ही हाई दार रोज उघडं ठेवतस का?"

"मंग," मावशी म्हणाली. तिला या प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं. "लक्ष्मी कथाईन येई? दिवा लावाना टाईमले पुढलं दार उघडं, मांगलं बंद. घरनं तसं, तसं मोटारनं. लक्ष्मीपूजनले उनी ती आपला घर. हिले तं मांगे दार बी शे, म्हनीसन मी ते दाबी देखस. पुढलं जरासं उघडं ठेवस, सकाये सडा टाकाले उनू का लाई देस." मग तिचा आवाज खाली आला. "पन हाऊ दिवा माले कव्हयज दिखना नही."

म्हणजे एवढंच झालं होतं. घरातली बाई दिवाळीपासून रोज संध्याकाळी मोटारीत लक्ष्मीला वाट करून देत होती, आणि वरती दिवा रात्रभर जळून बॅटरी संपत होती. जाड गोधडीमुळे तो बाहेर कोणाला दिसत नव्हता आणि मोतीबिंदूमुळे तो तिलाच दिसत नव्हता. पंधरा दिवस ती खाटेवर होती, तर मोटार रोज उठली. अभिमनला आठवलं की त्या गुरुवारी गोधडी उचलून धरायला खुद्द गुप्तहेर उभे होते. त्याने रुपचंदांकडे बघितलं. रुपचंद हातातल्या नारळाचं बारकाईने निरीक्षण करत होते.

"याचा अर्थ," ते सावकाश म्हणाले, "बैलाचा साथीदार होता."

उखर्डूनानाला हसू आवरेना. मग छगनला आवरेना, आणि दोघे भाऊ एकमेकांच्या खांद्याला धरून इतके हसले की चांद्या उठून उभा राहिला. हसता हसता छगन "नाना, मन्हं चुकनं" असं काहीसं म्हणाला आणि नानाने त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला.

"मी उद्याच तो दिवा काढी टाकस, माय," छगन डोळे पुसत म्हणाला. "मंग तू दार ठेव उघडं."

"काढू नको," मावशी म्हणाली.

ती अजून त्या दिव्याकडेच बघत होती. तिने दार पुढे ढकललं, दिवा विझला. पुन्हा उघडलं, लागला. असं तिने दोन-तीनदा केलं आणि कोणी तिला अडवलं नाही. मग तिने आत वाकून सीटवर हळदीकुंकू वाहिलं.

"मी रातभर दार उघडं ठेवं, कारन ती उनी का नही ते माले समजेच ना," ती म्हणाली. "आते तं दिखस. दिवा लागना म्हंजे ती मोटारना मजार उनी. मंग दार उघडं कसाले ठेवानं?"

आणि तिने स्वतःच्या हाताने दार ओढून घट्ट लावलं. मागे जाऊन तेही दाबून बघितलं. गोधडी सारखी करायला रुपचंद पुढे झाले, पण तिने त्यांना थांबवलं आणि अभिमनला हाक मारली. त्याचा चेहरा तिने या वेळी हाताने चाचपला नाही. नुसती बघत राहिली, बराच वेळ.

"वाळी गया रे तू," ती म्हणाली. मग छगनकडे वळून तिने विचारलं, "दुसरा डोयानी तारीख कव्हय शे?"